घरासाठीं पिस्तूल निवडतांना



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांच्या भुंवया वर चढल्या असतील. ज्यानें उभा जन्म फळ्यावर खडू झिजविण्यांत घालविला, त्या शाळामास्तरानें पिस्तुलाविषयीं काय बोलावें, ही शंका रास्त आहे. तिचें उत्तर आधींच देऊन टाकतों. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. माझ्या नांवापुढें पदवी नाहीं. परंतु शाळेंत असतांना एन. सी. सी.ची तुकडी पुष्कळ वर्षें माझ्याकडे होती, आणि पॉइंट बावीसच्या रायफलीनें आयुष्यांतली पहिली गोळी झाडणाऱ्या मुलाच्या खांद्यामागें उभें राहण्याचें काम मीं अनेकदां केलें आहे. शस्त्राविषयीं माझें जें कांहीं ज्ञान आहे, तें त्या खांद्यामागून मिळालेलें आहे.

शिवाय मी राहतों तें गांव शस्त्रांना अपरिचित नाहीं. आमचें नगर, ज्याचें नांव २०२४ सालीं अधिकृतपणें अहिल्यानगर झालें, तेथें १५४९ सालीं मुलूखमैदान तोफ ओतली गेली. विजापूरच्या बुरुजावर आज ती पाहावयास मिळते, आणि महंमद बिन हसन रूमी ह्या कारागिराचें नांव तिच्यावर कोरलेलें आहे. सुमारें पंचावन्न टन वजनाची ती तोफ. आजही चिलखती दलाचें केंद्र आणि शाळा आमच्याच गांवांत आहे, आणि रस्त्यानें जाणारा रणगाडा हें आमच्या मुलांना अप्रूप वाटत नाहीं. असें असूनही, अर्ध्या-पाऊण किलोचें एक पिस्तूल घरांत आणावयाचें झालें, तर तें कसें पारखावें हें आमच्यांतील शंभरांत एकालाही सांगतां येईल असें मला वाटत नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. मुळेच्या काठावरील एका गांवचा माझा एक जुना विद्यार्थी सकाळींच दारांत येऊन उभा राहिला. बागाइतदार माणूस. गांवापासून कोसभर अंतरावर, उसाच्या मधोमध त्याची वस्ती. घरांत म्हातारे वडील, बायको आणि दोन लहान मुलें. आदल्या आठवड्यांत शेजारच्या वस्तीवर रात्रीं दरोडा पडला होता. चोरट्यांनीं म्हाताऱ्या जोडप्याला खाटेला बांधून दागिने नेले होते.

तो म्हणाला, "गुरुजी, मला एक पिस्तूल घ्यावयाचें आहे. दीड लाखापर्यंत माझी ऐपत आहे. एक जण तीस हजारांतच देतो म्हणतो. कागद नको, पत्र नको. तुम्हांला ह्यांतलें कळतें. कोणतें घेऊं, तेवढें सांगा."

त्याला मीं जें उत्तर दिलें, तेंच आज जरा विस्तारानें आपणांपुढें मांडतों. शहरांतील श्रोत्यांनीं हा केवळ वस्तीवरच्या शेतकऱ्याचा प्रश्न समजूं नये. रोकड घेऊन उशिरा घरीं परतणारे व्यापारी, सराफ, एकाकी बंगल्यांत राहणारे डॉक्टर ह्यांनाही हा प्रश्न पडतो. आणि वडिलांच्या पश्चात् कपाटांत निघालेलें जुनें रिव्हॉल्व्हर हातांत घेऊन 'आतां ह्याचें काय करावें' असें विचारणारीं घरें शहरांतही आहेत.

प्रथम त्या तीस हजारांच्या वस्तूविषयीं. आमच्या जिल्ह्यांत तिला गावठी कट्टा म्हणतात. मध्यप्रदेशांतील बडवानी जिल्ह्यांतलें उमर्टी हें गांव ह्या धंद्यासाठीं महाराष्ट्राच्या पोलिसांना चांगलें परिचित आहे. कट्ट्याची नळी बहुधा हातीं लागेल त्या लोखंडी नळीची असते. पोलादाची पारख नाहीं, नळीच्या आंत गोळीला फिरकी देणारे आटे नाहींत, आणि कारखान्यांत जादा दाबाचें काडतूस उडवून घेतली जाणारी परीक्षा तर नाहींच. हुबेहूब कारखान्यांतल्यासारखीं दिसणारीं गावठी पिस्तुलेंही निघतात. त्यांचें रूप चांगलें, परंतु पोटांतली गोष्ट तीच. पॉइंट बत्तीसच्या साध्या काडतुसाचा नळीच्या आंतील दाब दर चौरस सेंटिमीटरला हजार किलोंच्या वर जाऊं शकतो. तो दाब नळीनें सोसला नाहीं, तर फुटलेलें लोखंड चोराकडे जात नाहीं, झाडणाऱ्याच्या बोटांत आणि डोळ्यांत शिरतें.

कायद्याची गोष्ट वेगळी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमांत २०१९ सालीं दुरुस्ती झाली. तेव्हांपासून परवान्यावांचून बंदूक-पिस्तूल बाळगणाऱ्यास कमींत कमी दोन वर्षें आणि अधिकांत अधिक पांच वर्षें कैद, शिवाय दंड, अशी शिक्षा आहे. मीं त्याला विचारलें, "अरे, चोर पळून जातील आणि ज्याच्या घरीं चोरी झाली तोच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा राहील. तुझ्या मुलांना हें चालेल का?" तो कांहीं बोलला नाहीं, पण कट्ट्याचें नांव त्यानें पुन्हां काढलें नाहीं.

दुसरा प्रश्न मीं त्याला विचारला तो असा, कीं पिस्तूल हवें कशासाठीं? भीती कोणाची आहे, हें आधीं ठरवावें. आमच्याकडे अकोले, संगमनेर, राहुरी ह्या भागांतील उसांत बिबटे वावरतात आणि पुष्कळांना पिस्तूल त्यासाठींच हवेंसें वाटतें. बिबट्यावर पिस्तूल उपयोगी पडत नाहीं. अंधारांत धावत्या जनावराला तें लागणें कठीण, आणि जखमी झालेला बिबट्या तर अधिकच भयंकर. तो वन्यजीव संरक्षण कायद्यानें रक्षिलेला प्राणी आहे. त्याच्यासाठीं वनखात्याचा १९२६ हा दूरध्वनि क्रमांक आहे. भीती चोरांची असेल, तर पहिला पैसा दाराला, कडीला, अंगणांतल्या दिव्याला आणि कुत्र्याला खर्च करावा. ११२ हा क्रमांक घरांतल्या लहान मुलालाही पाठ असावा. आमच्या जिल्ह्यांत ग्राम सुरक्षा यंत्रणा म्हणून एक सोय आहे. एका माणसानें दूरध्वनि केला, कीं त्याचा आवाज एकाच वेळीं गांवांतील नोंदलेल्या सर्वांच्या दूरध्वनीवर जातो. कोसभर दूरच्या वस्तीला पन्नास माणसें जागीं होणें हें एका पिस्तुलापेक्षां मोठें बळ आहे.

माझ्या विद्यार्थ्यानें हें सर्व केलें. महिन्याभरानें तो पुन्हां आला आणि म्हणाला, "गुरुजी, सगळें केलें. तरी पण माणसें येईपर्यंतचीं दहा मिनिटें उरतातच." हें त्याचें म्हणणें मला खोडतां आलें नाहीं. त्या दहा मिनिटांसाठीं कायद्यानें ठेवलेली वाट धरावी, असें आम्ही ठरविलें.

ती वाट अशी. १९३१ सालीं कराचीच्या काँग्रेस अधिवेशनांत मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यांत नियमांना धरून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा उल्लेख होता. १८७८ च्या शस्त्र कायद्यानें देशाला निःशस्त्र केल्याची सल त्यामागें होती. स्वतंत्र भारताच्या घटनेंत मात्र तो हक्क आला नाहीं. येथें शस्त्र हें परवान्यावर मिळतें. अर्जदाराचें वय एकवीस वर्षें पूर्ण असावें लागतें. आमच्यासारख्या जिल्ह्यांत अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि जेथें पोलीस आयुक्तालय आहे तेथें आयुक्तांकडे करावयाचा. पोलीस ठाण्याकडून चौकशी होते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणें शस्त्र सुरक्षितपणें हाताळण्याचें शिक्षणही घ्यावें लागतें. परवान्याची मुदत पांच वर्षें, आणि एका माणसाला जास्तींत जास्त दोन शस्त्रें. गरिबांसाठीं एक गोष्ट मुद्दाम सांगतों. केवळ अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाहीं, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारतां येत नाहीं, असें अधिनियमाच्या चौदाव्या कलमांत स्पष्ट लिहिलेलें आहे. नकार मिळाल्यास अपिलाची सोयही आहे. ह्या सर्वांस वेळ लागतो. विद्यार्थ्यालाही बरेच महिने लागले. परंतु त्या महिन्यांचा उपयोग शिकण्यासाठीं करतां येतो.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. दीड लाखाच्या ऐपतींत चांगलें अर्धस्वयंचलित पिस्तूल कसें निवडावें?

अर्धस्वयंचलित म्हणजे काय, हें आधीं समजून घ्यावें. एकदां चाप ओढला कीं एकच गोळी सुटते. परंतु त्या स्फोटाच्या जोरानेंच पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ज्याला स्लाइड म्हणतात, तो मागें जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो, आणि स्प्रिंगच्या बळानें पुढें येतांना मुठींतल्या मॅगझिनमधील नवें काडतूस नळीच्या मागच्या कोठ्यांत ढकलतो. म्हणजे झाडणाऱ्यानें कांहीं न करतां पिस्तूल दुसऱ्या गोळीसाठीं तयार होतें. ही त्याची सोय आहे आणि हाच त्याचा धोकाही आहे. मॅगझिन काढून घेतलें तरी कोठ्यांत एक काडतूस राहिलेलें असूं शकतें. 'मॅगझिन काढलें, आतां रिकामें आहे' ही समजूत घातक आहे. मॅगझिन काढल्यावर स्लाइड मागें ओढून कोठ्यांत डोळ्यांनीं पाहावें, बोट घालून चांचपावें, मगच तें रिकामें मानावें.

पहिली कसोटी काडतुसाची. आपल्या देशांत ९ मिलिमीटरचें पिस्तूल सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे. तें सैन्याचें व पोलिसांचें. नागरिकासाठीं सर्वांत प्रचलित तें पॉइंट बत्तीस. परंतु येथेंच पुष्कळांची फसगत होते. पिस्तुलाचें पॉइंट बत्तीस ए. सी. पी. हें काडतूस वेगळें आणि रिव्हॉल्व्हरचें पॉइंट बत्तीस एस. अँड डब्ल्यू. लाँग हें वेगळें. दोन्हींचें नांव 'बत्तीस'. पण एकाचें काडतूस दुसऱ्यांत वापरण्याजोगें नाहीं. परवान्यावर काय लिहिलें आहे, पिस्तुलावर काय कोरलें आहे आणि डब्यावर काय छापलें आहे, हीं तिन्हीं ताडून पाहावींत.

दुसरी कसोटी उत्पादकाची. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकांसाठीं परदेशी शस्त्रांची आयात बंद झाली. त्यामुळें त्यापूर्वीं आलेलीं वेब्ली, वॉल्थर, ब्राउनिंग ह्या नांवांचीं पिस्तुलें आजही हातोहात विकलीं जातात, आणि त्यांच्या किंमती ऐकून छाती दडपते. लक्षांत ठेवा, ती किंमत गुणाची नाहीं, दुर्मिळपणाची आहे. पन्नास-साठ वर्षें जुन्या पिस्तुलाच्या स्प्रिंगा थकलेल्या असतात, आणि सुटे भाग मिळत नाहींत. मध्यम ऐपतीच्या माणसानें त्या नांवांच्या मागें लागूं नये. त्याच्यासाठीं भारतीय बनावटीचें, नवें, पावतीचें पिस्तूल बरें. सरकारी शस्त्रकारखान्यांचें 'अशनि' हें पॉइंट बत्तीसचें पिस्तूल त्या वर्गांतलें आहे. हे कारखाने १ ऑक्टोबर २०२१ पासून सरकारी कंपन्यांच्या स्वरूपांत चालतात. अलीकडे परवानाधारक खासगी कारखानदारही ह्या धंद्यांत उतरले आहेत. परदेशी पिस्तुलाइतकी सफाई देशी मालावर दिसत नाहीं, हें कबूल. परंतु तो सुटा भाग देतो, दुरुस्ती देतो आणि कारखान्याच्या परीक्षेची खूण देतो.

तिसरी कसोटी हाताची, आणि तिच्याकडेच लोक सर्वांत कमी लक्ष देतात. पॉइंट बत्तीसच्या साध्या पिस्तुलांत स्लाइडला मागें जाण्यापासून रोखण्याचें काम तिचें स्वतःचें वजन आणि एक ताठ स्प्रिंग करीत असते. ती स्प्रिंग बोटांनीं ओढतां आली पाहिजे. दुकानांत रिकामें पिस्तूल हातांत घेऊन, नळी सुरक्षित दिशेस ठेवून, स्लाइड दहा वेळां पूर्ण मागें ओढून पाहावी. चौथ्या वेळीं बोटें दुखूं लागलीं तर तें पिस्तूल आपलें नव्हे. मूठ अशी असावी, कीं मनगट न वळवितां चापावर पहिलें पेर बसावें. अगदीं हलकें पिस्तूल खिशाला बरें वाटतें, परंतु हाताला अधिक झटका देतें. घरासाठीं थोडें वजनदार पिस्तूलच नेमाला बरें.

चौथी कसोटी भरंवशाची. मॅगझिन भरून रिकामें करावें. तें अडतां कामा नये, आणि त्याचे वरचे ओठ वांकलेले नसावेत. अर्धस्वयंचलित पिस्तूल अडतें तें बहुतेक वेळां मॅगझिनमुळें. पॉइंट बत्तीसच्या काडतुसाच्या बुडाला बारीक कडा असते. भरतांना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या पुढें राहील असें पाहावें, नाहींतर दोन्ही एकमेकांत अडकून बसतात. सुरक्षेचा खटका लावून चाप दाबला तर कांहींही हलतां कामा नये. जुनें पिस्तूल घेणें असेल, तर दिव्यासमोर नळींतून पाहावें. आटे स्पष्ट असावेत, गंजाचे खड्डे नसावेत, नळीला कोठेंही फुगवटा नसावा. अंगावरचा क्रमांक विकणाऱ्याच्या परवान्याशीं जुळला पाहिजे आणि हस्तांतर कायद्याच्या रीतीनें झालें पाहिजे. मित्राचें पिस्तूल मित्रानें 'असूं दे तुझ्याकडे' म्हणून देणें, हा स्नेह दोघांनाही तुरुंगांत नेतो.

कित्येक जण विचारतील, कीं मग रिव्हॉल्व्हर कां नको? प्रश्न योग्य आहे. रिव्हॉल्व्हरमध्यें एखादें काडतूस उडालें नाहीं, तर पुन्हां चाप ओढला कीं चक्र फिरून पुढचें काडतूस समोर येतें. पिस्तुलांत तें काडतूस हातानें स्लाइड ओढून बाहेर काढावें लागतें, आणि भ्यालेल्या माणसाच्या हाताला तें साधत नाहीं. ज्याला वर्षाकांठीं एकदांही सराव करावयाचा नाहीं, त्यानें पिस्तुलाच्या वाटेला न जातां रिव्हॉल्व्हर घ्यावें, असें मी स्पष्ट सांगेन. २०१४ सालीं कानपूरच्या सरकारी कारखान्यानें 'निर्भीक' नांवाचें पॉइंट बत्तीसचें, पांचशें ग्रॅम वजनाचें रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठीं म्हणून काढलें. त्या वेळीं त्याची किंमत १,२२,३६० रुपये होती. ही किंमत सांगण्याचें कारण एवढेंच, कीं मध्यम ऐपत म्हणजे काय ह्याचा अंदाज यावा.

ह्यावरून पांचवी कसोटी निघते, ती पैशाची. दीड लाख जवळ आहेत म्हणून दीड लाखाचें पिस्तूल घेऊं नये. पिस्तूल व रिव्हॉल्व्हर ह्यांवरील वस्तु व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून ४० टक्के झाला आहे. छापील किंमत कर धरून आहे कीं नाहीं, हें आधीं विचारावें. त्यानंतर भिंतींत पक्की बसविलेली पोलादी पेटी, दुसरें मॅगझिन, सफाईचें सामान, काडतुसें आणि सराव. हा सर्व खर्च पिस्तुलाच्या किंमतीबाहेरचा आहे. हातांतील रकमेचा चौथा हिस्सा ह्यासाठीं आधीं बाजूला काढावा आणि उरलेल्यांत पिस्तूल पाहावें. महागडें पिस्तूल आणि लाकडी कपाट, ही जोडी मीं पाहिली आहे, आणि तिच्याइतकी वाईट खरेदी दुसरी नाहीं.

सरावाविषयीं दोन शब्द. कोल्हापूरच्या राही सरनोबत ह्यांनीं २०१८ सालीं इंडोनेशियांत झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेंत २५ मीटर पिस्तूल प्रकारांत सुवर्णपदक मिळविलें. नेमबाजींत आशियाई सुवर्ण मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्यांच्या हातांतील पॉइंट बावीसचें पिस्तूलही अर्धस्वयंचलितच असतें. आपणांस कांहीं पदक मिळवावयाचें नाहीं. परंतु ज्या हातानें कधीं कागदावर नेम धरला नाहीं, तो हात रात्रीं दोन वाजतां दारांत उभें राहून काय करणार? काडतुसांची संख्या परवान्यावर मर्यादित असते, म्हणून प्रत्यक्ष सराव थोडाच होतो. नेम आणि चापावरचें बोट साधण्यासाठीं पॉइंट एकशें सत्त्याहत्तर छऱ्याचें, वीस ज्यूलपेक्षां कमी शक्तीचें एअर पिस्तूल उपयोगी पडतें. त्याला परवाना लागत नाहीं.

आतां सर्वांत अवघड गोष्ट. माझ्या विद्यार्थ्याची पत्नी दुकानांत आमच्याबरोबर होती. सर्व ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "गुरुजी, पेटींत कुलपांत ठेवलें तर वेळेला हातीं येणार नाहीं, आणि उशाशीं ठेवलें तर पोरांच्या हातीं लागेल. मग ठेवायचें कोठें?" दुकानदारासकट आम्ही सारे गप्प झालों. मला वाटतें, पिस्तुलासंबंधींचा खरा प्रश्न त्या बाईनेंच विचारला. मीं उत्तर दिलें तें असें: "बाई, दोहोंपैकीं एक धोका पत्करावाच लागेल. चोर वर्षांतून एखादे वेळीं येईल, न येईल. मुलें रोज घरांत आहेत. म्हणून कुलूप." पिस्तूल पेटींत, काडतुसें दुसऱ्या कुलपांत, आणि दोन्ही किल्ल्या परवानाधारकाच्या अंगावर. त्या दहा मिनिटांतलीं दोन मिनिटें ह्यांत जातील. तीं जाऊं द्यावींत. दारास चांगली कडी घालावयास मीं आधीं सांगितलें, तें ह्याच दोन मिनिटांसाठीं. हेंही ध्यानांत असावें, कीं परवाना माणसाला मिळतो, घराला नाहीं. नवऱ्याच्या परवान्यावर बायकोनें किंवा मुलानें पिस्तूल बाळगणें हा गुन्हाच आहे. परवानाधारक वारला, तर शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावें आणि मग वारसानें आपल्या नांवें अर्ज करावा. निवडणुकीच्या काळांत जमा करण्याचा हुकूम आला, तर तोही पाळावा. लग्नाच्या वरातींत हवेंत गोळ्या झाडणाऱ्यांसाठीं २०१९ च्या दुरुस्तीनें दोन वर्षांपर्यंत कैदेची किंवा एक लाखापर्यंत दंडाची तरतूद केली आहे, हें हौशी मंडळींनीं विसरूं नये.

स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यानें दिलेला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंतही तो कायम आहे, आणि रात्रीं घर फोडून शिरणाऱ्याविरुद्ध तो बराच लांबवर जातो. परंतु त्याला एक मर्यादा आहे. संरक्षणास जेवढी इजा आवश्यक, तेवढीच करावी. पळून जाणाऱ्याच्या पाठींत गोळी घालणें हें संरक्षण नव्हे.

माझ्या विद्यार्थ्यानें शेवटीं नवें, देशी बनावटीचें, पॉइंट बत्तीसचें पिस्तूल घेतलें. पेटी आधीं बसविली, मग पिस्तूल आणलें. त्याला शिकवितांना मीं एकाच गोष्टीवर हट्ट धरला होता. समोर काय आहे हें डोळ्यांनीं ओळखल्याशिवाय आणि झाडावयाचें असें मनांत ठरल्याशिवाय बोट चापावर जातां कामा नये. तें चापाबाहेर, पिस्तुलाच्या अंगावर सरळ ताठ राहिलें पाहिजे. एन. सी. सी.च्या पोरांना मी हेंच शिकवीत असें. ह्या गोष्टीवर तो कंटाळून म्हणाला होता, "गुरुजी, तुम्ही नेम शिकवायचें सोडून बोटच धरून बसलां आहांत."

पुढच्याच हिवाळ्यांतली हकीकत त्यानें मला स्वतः येऊन सांगितली. आमच्याकडे शेतीच्या पंपांना वीज पुष्कळदां रात्रींच मिळते, हें शहरांतल्या श्रोत्यांना कदाचित् ठाऊक नसेल. त्या रात्रीं कुत्रा भुंकूं लागला, मागच्या बाजूस विहिरीजवळ लोखंडाचा खणखणाट झाला. ह्यानें पेटी उघडली, पिस्तूल भरलें, बायकोला ११२ लावावयास सांगितलें आणि खिडकींतून विजेरी टाकली. उजेडांत एक माणूस पाठमोरा वांकलेला, हातांत लोखंडी पाना. विजेरी पडतांच तो गर्रकन् वळला. तो शेजारच्या वस्तीवरचा सतरा वर्षांचा मुलगा होता. वीज आली म्हणून आपला पंप चालू करावयास निघाला होता, पंप चालेना, आणि पाईपाची चकती घट्ट करावयास ह्याचा पाना न विचारतां घ्यावयाला आला होता.

"गुरुजी," तो म्हणाला, "माझा हात कांपत होता. पोरगा वळला तसा माझा पंजा आपोआप आवळला गेला. पण बोट बाहेर होतें." एवढें बोलून तो बराच वेळ खालीं पाहत बसला. मग म्हणाला, "दीड लाखांतलें सगळें त्या एका बोटांत वसूल झालें."

श्रोतेहो, त्याच्या वाक्यांत मला भर घालावयाची नाहीं. पिस्तूल निवडणाऱ्यास मीं आज पांच कसोट्या सांगितल्या. तीं दुकानांत ताडून पाहतां येतात. परंतु दुकानांत जाण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या मनाशीं एक प्रश्न विचारावा: कुत्रा भुंकत आहे, हात कांपत आहे, आणि समोर कोण आहे हें अजून दिसलेलें नाहीं, अशा वेळीं माझें बोट बाहेर राहील का? 'राहील' असें उत्तर येईपर्यंत सराव करावा. तें उत्तर येत नसेल, तर तो पैसा दिव्याला, दाराला आणि शेजाऱ्यांशीं असलेल्या स्नेहाला लावावा. त्यांत कमीपणा नाहीं.